सात पिढ्यांची नावं

ज्याला आपल्या सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ आहेत, त्याला स्वतःच्या रक्ताबद्दल दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही, असं नारीन शहरातला केरिमकुल छातीठोकपणे सांगत असे. मग लघवीच्या जळजळीवर घेतलेल्या गोळ्यांनी तो हळदीसारखा पिवळा पडला आणि म्हाताऱ्या आईनं त्याला दवाखान्यात आणलं.

"रक्तात एक एन्झाइम जन्मापासून कमी आहे, आके, म्हणून त्या गोळ्या बाधल्या," डॉक्टरीणबाई थोरल्या भावाला हाक मारावी तशा म्हणाल्या. "घराण्यातलं आहे. बाकीच्यांनाही सावध करायला हवं."

"लिहून घ्या," म्हणत केरिमकुलनं सातही नावं एका दमात म्हणून दाखवली.

बाईंनी पेन उचललंच नाही. "हे बापाकडून येत नाही. मुलाला आईकडून येतं. मामा किती तुम्हाला?"

केरिमकुलनं आईकडे पाहिलं.

"माझे दोन भाऊ असेच पिवळे पडून गेले," आई म्हणाली. "तेव्हा तू अंगणात बापांची नावं घोकत होतास."

"आणखी कुणी?" बाईंनी विचारलं.

"धाकटा आहे. असाकान. आमच्या पलीकडच्याच गल्लीत."

बाईंनी कागदावर पहिलं नाव लिहिलं.