रजईखालचा कॅमेरा

कर्रकन कॅमेऱ्याची दांडी पुन्हा नुसतीच फिरली आणि लेक दुपारच्या झोपेतून उठलीच. माझा दुरुस्तीचा तास संपला. बाबा गेले त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा नातीच्या हाती दिला होता. तिनं त्यांचे छत्तीस फोटो काढले, रोल छत्तीसचाच, तरी फिल्म ओढणारी दांडी थांबेना. चाकाचा दात झिजला असेल, म्हटलं. उजेड लागू नये म्हणून कॅमेरा रजईखाली घेऊन झाकण उघडलं. "डोकावू नकोस ठमे, आजोबा पुसले जातील!" बोटांनी चाचपलं. दात शाबूत होते. फिल्मचं टोकच खाचेत अडकलं नव्हतं. फिल्म जागची हललीच नव्हती. तिच्या तान्ह्या भावाला कडेवर घेऊन, एका हातानं, मीच भरली होती ती. "एकही फोटो आला नाही गं," मी कशीबशी म्हणाले. तिला पटेना. "पण हसा म्हटलं की आजोबा दरवेळी हसायचे. ते सगळं हसू कुठे गेलं?"