फ्यूजवरची चांदी

नवऱ्याची बोट बिरा गावाच्या किनाऱ्याला लागली की हासनिया आधी मीटरचं पॅनल उघडायची. मीटर जळू नयेत म्हणून तिने प्रत्येक वायरला फ्यूज बसवला होता. पण एखादा उडाला की नवरा त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून मोकळा व्हायचा. "वायर पेटली म्हणजे? भर समुद्रात कुठे पळाल?" ती फैलावर घ्यायची आणि तो लवंगेची सिगारेट ओढत हसायचा. ईदनंतर तो तापाने गेला. आज धाकटा दीर बोटीची पहिली फेरी करून आला. तिने पॅनल उघडलं. सगळे फ्यूज नवेकोरे. "बघा वहिनी, कुठेच चांदी नाही," तो म्हणाला. तिने मीटरमागे हात घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिचा आवाज चढला. "वायर पेटली म्हणजे? भर समुद्रात कुठे पळाल?" दिराने मान खाली घातली आणि ती थांबेपर्यंत ऐकून घेतलं.