देवीचा कौल

"उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही," म्हणत गुरवकाकांनी देवीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आईने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं.

इतिहासाच्या पीएचडीच्या प्रवेशाचं दिल्लीच्या विद्यापीठातून आज ताईला उत्तर येणार होतं. "कौल म्हणजे अंधश्रद्धा!" असं अख्ख्या वाडीला सुनावणारी माझी ताई आता श्वास रोखून त्या पाकळ्यांकडे बघत होती. माझा हात तर तिने असा आवळला होता, की बांगडी रुतली. मी शाळेच्या वक्तृत्वात पहिली आलेली, कुणाच्या बापाला न घाबरणारी. पण मीही मनातल्या मनात 'उजवी, उजवी' म्हणत होते.

डावी पडली.

ताई मटकन खाली बसली. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर मेल आला. "तूच बघ गं, माझ्याच्याने नाही होणार."

मी तो उघडला आणि गाभारा दणाणेल इतक्या जोरात ओरडले, "निवड झाली! आई, देवी चुकली!"

आईने पदर डोळ्यांना लावला. "चुकेल कशी, बाय? मी विचारलं होतं, पोर माझ्याजवळ राहील ना?"