आरशातली कौसल्या

पंचनामा म्हणतो, "आरसा निर्दोष असून समोर येईल तेच दाखवतो." पंच सगळे पुरुष होते. प्रत्येकाने आरशापुढे छाती फुगवली, मिशीवरून हात फिरवला आणि समाधानाने सही केली. निर्दोषत्वाचा पुरावा एवढाच.

परळच्या चाळीतला हा पुरुषभर उंचीचा आरसा राजारामने बंद पडलेल्या व्यायामशाळेतून आणला होता. खोकल्याने त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघताना तो आरशात पाहून म्हणे, "गोळी अडवील अशी छाती आहे!" त्याला कोणी वेडा ठरवले नाही.

त्याची बायको कौसल्या त्याच आरशात पाहून पुढ्यातलं ताट बाजूला सारू लागली. शेजारच्या राधाबाई ओरडत, "अगो, हाडं दिसतात तुझी! दोन घास खा."

"वयनी, आरशात बघा. दारातून मावायची नाय मी."

राधाबाईंनी पाहिले. त्यांना फक्त स्वतःची सुटलेली कंबर दिसली. त्या रात्री त्याही जेवल्या नाहीत.

आषाढात कौसल्या गेली. तिला उपाशी ठेवल्याच्या आरोपावरून राजाराम भोईवाड्याच्या कोर्टात उभा राहिला. बायको झिजत असताना तू कुठे पाहत होतास, असे सरकारी वकिलांनी विचारले. त्याचा जबाब शब्दशः असा:

"आरशात, साहेब. माझ्या शेजारी तीही दिसायची, चांगली जाडजूड. मला वाटलं, जेवतेय. अजून तिथंच आहे ती. काल जामिनावर घरी गेलो, तर आरशात मला उभं राहायला जागाच उरली नव्हती."