बोलका गाइड
राजधानीतल्या जुन्या राजवाड्याचा तो सगळ्यात बोलका गाइड. राजाराणीचे रुसवेफुगवे असे रंगवायचा, की पर्यटक फोटो काढायचे विसरत.

निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या गटात त्याची बायकोही येऊन उभी राहिली. मग काय, त्याला चेवच चढला! राणीच्या सज्ज्याखाली त्याने राजाराणीचं प्रेम तासभर सांगितलं. दोघीतिघींनी डोळे पुसले.

गट पांगल्यावर त्याने ऐटीत विचारलं, "कसं वाटलं?"

"किती छान बोलता हो! मी आपली तीस वर्षं समजत होते, तुमचा स्वभावच अबोल आहे."

रोज जीभ राजवाड्यातच ठेवून आपण घरी जात होतो, हे त्याला तेव्हा कळलं. परतताना बसमध्ये तिच्या शेजारी बसल्यावर त्याने मनमोकळं बोलायचंच ठरवलं, घसा खाकरला आणि तोंडून निघालं, "तर मंडळी..."