तलावाचा वाटा

अख्खं जाळं अंगणात पसरलं होतं आणि मनसाराम त्याच्या एका कोपऱ्याशी हटून बसला होता. तिथलं विणीचं शेवटचं घर त्याने मुद्दाम मोकळं सोडलं होतं. पुरती मूठ आरपार जाईल एवढी फट.

"बाबा, थे गाठ मारून टाका ना," प्रफुल म्हणाला. त्याची सुट्टी संपली होती. दुपारच्या एसटीने वडसा, तिथून गाडी, आणि मग थेट सरहद्दीवरची चौकी.

"थे गाठ मारत नसतात. आपल्या बापजाद्यानं नाई मारली. थो तलावाचा वाटा आहे. एखांदी मासोळी वापस जाऊ द्याची, मंग तलाव बी आपल्याले उपाशी ठेवत नाई."

आता याला काय म्हणावं! हे जाळं तलावात पडणारच नव्हतं. ते प्रफुलच्या चौकीतल्या मोर्च्यावर, त्याच्या डोक्यावर ताणायचं होतं, शत्रूचे ड्रोन अडवायला. तिथे सरकारी जाळ्या होत्या, नाही असं नाही. पण जाळ्यावर जगणाऱ्या ढिवराच्या पोराला दुसऱ्याच्या हातच्या गाठीचा भरवसा कसा वाटावा? त्याने फोनवर नुसता शब्द टाकला आणि बापाने पावसाळाभर पडवीत बसून दुसरं काही केलं नाही. आणि आता हा हट्ट.

गिरजा चुलीपाशी मसाला वाटत होती. शेजारच्या पाण्याने भरलेल्या गंजात सकाळी धरलेली मरळ शेपटी आपटत होती, चांगली हातभर लांब. पोरगा मरळीचा रस्सा खाऊन जाणार म्हणून बाईचा जीव सुपाएवढा झाला होता.

"काय असते रे थो ड्रोन?" तिने विचारलं.

"लग्नात फोटोवाला उडवते ना माय, तसाच. बारका, सस्तातला. फक्त कॅमेऱ्यासंग बारूद बांधली राह्यते. जाळ्यात पाते अडकले का तिथीच लटकते."

"अन् नाई अडकला, अन् कोणी नाई सापडलं, तं घरी जाते वापस?"

प्रफुल हसला. "त्याले वापस जाचंच नसते माय. एकदा उडाला का संपला. तसाच बनवते त्याले."

गिरजाचा हात पाट्यावर थांबला.

"त्याले नसन जाचं," ती म्हणाली. "माह्या पोराले वापस याचं आहे."

मनसारामने त्या फटीत मूठ घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. पोरगा फौजेत आहे म्हणून गावभर छाती काढून फिरणारा हा माणूस. त्याला आज पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती बरोबर मुठीएवढी होती. त्याने बांबूची सुई उचलली आणि गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक. दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"पक्की झाली," तो म्हणाला. पण चेहरा मात्र शेजाऱ्याचं बियाणं न सांगता उचलून आणल्यासारखा. मग तो उठला आणि मरळीचा गंज उचलून घरामागच्या तलावाकडे चालू लागला.

"अजी! कुठी नेता थे?" गिरजा ओरडली. "मसाला वाटून झाला ना माहा!"

तो थांबतोय कशाला. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने गंज तिरपा केला. मरळ त्याच्या पायाशी जराशी घुटमळली आणि मग खोल पाण्यात निघून गेली. मनसारामने तलावाला हात जोडले. परतला तो रिकामा गंज हलवत, स्वतःवर भलताच खूश होऊन. रीतही राहिली होती, गाठही.

गिरजाने कपाळावर हात मारला. "आता या मसाल्यात का गोटे शिजवू?"

"वांगे टाक."

प्रफुल पोट धरून हसत होता. "बाबा, पुरी सुट्टी मी मरळीची वाट पाहून राह्यलो होतो. अन् तुमी आजच सोडली?"

"पुढच्या सुट्टीत खाजो," जाळ्याची घडी घालत मनसाराम म्हणाला. "तवरक मोठी होईन थे."