सरकलेला तारा

टँकरची वाट बघत, मांडीवर जुलाबानं सुकलेली लेक घेऊन शिवकांता लॅपटॉपवर वेधशाळेच्या जुन्या छायाचित्रांच्या फायली तपासण्याचं कंत्राटी काम करत होती. एका छायाचित्रात ताऱ्यांच्या यादीत नसलेला तारा दिसला. नवा ठरला तर पुण्यात कायमची नोकरी, लेकीला नळाचं पाणी. तरी खात्री केल्याशिवाय राहवेना. तिनं शेजारचे तारे ताडून पाहिले. तेही यादीतल्या जागी नव्हते. “सगळे तारेच सरकल्यासारखे दिसायलेत, आत्याबाई.” रिकामी घागर उंबऱ्यावर ठेवत सासू म्हणाली, “आपलं गाव उस्मानाबादेतून लातूर जिल्ह्यात गेलं, तवा सरकलं का? विहीर व्हती तिथंच हाय, कोरडी.” शिवकांतानं फायलीतली माहिती पुन्हा वाचली. ताऱ्यांच्या जागा १९५०च्या आकाश-रेघांवर मोजलेल्या होत्या; पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो तशा त्या रेघा सरकतात, तारे नाहीत. ते साल भलत्या रकान्यात नोंदल्यानं संगणकानं त्या आजच्या धरल्या. तिनं नोंद दुरुस्त केली. तारा यादीतल्या जागी बसला. लेकीला सासूकडे देऊन तिनं घागर उचलली.